पाणाड्याला परिषदेचं आवतण?

मानवत तालुक्यात उन्हाळ्यात बोअरची गाडी शिवारात शिरते, त्याआधीच पाणाड्या येऊन गेलेला असतो. कुणी तळहातावर नारळ आडवा ठेवून धुऱ्याने चालतो आणि नारळ उभा राहिला की तिथं खुंटी ठोकायला सांगतो. कुणाच्या हातात कडुनिंबाची बेचकी असते, कुणाकडे काटकोनात वाकवलेल्या तांब्याच्या दोन तारा. पायाळू माणसाला भुईतलं पाणी कळतं हा जुना समज. त्याच्या जोडीला आता 'ओ पॉझिटिव्ह' रक्तगटही आला आहे. पाणी लागलं तर पाणाड्याचं नाव पंचक्रोशीत होतं. नुसता फुफाटा उडाला तर दोष शेतकऱ्याच्या नशिबाचा, आणि फुटाच्या भावाने झालेलं बिलही त्याच्याच अंगावर.

इथून तासाभराच्या रस्त्यावर परभणीचं कृषी विद्यापीठ आहे. ते १९७२ साली उभं राहिलं. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणाही त्याच दुष्काळी काळातली. पन्नासहून अधिक वर्षं विद्यापीठ आणि पाणाड्या एकाच जिल्ह्यात नांदताहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत. यावर उपाय म्हणून एक सूचना वरचेवर कानावर येते. विज्ञानसंस्थांनी जरा मोठं मन करावं. पदवी नसलेल्या पण सिद्धांत असलेल्या माणसाला परिषदेत वेळ द्यावा, नियतकालिकात चार पानं द्यावीत. ऐकून घेण्यात काय जातं? रामानुजनला तरी कुणी विचारत होतं? कापरेकरांना हसलेच ना लोक? दादाजी खोब्रागडे तिसरी शिकलेले, आणि वराहमिहिराकडे कुठली डॉक्टरेट होती?

ही मागणी करणारी माणसं भोळी नसतात. त्यातली बरीच वाचणारी, लोकशाहीवर प्रेम करणारी आणि विद्यापीठी अहंकाराचा मनापासून तिटकारा असणारी असतात. त्यांचा राग बऱ्याच अंशी खराही आहे. म्हणूनच त्यांच्या दाखल्यांकडे नीट पाहायला हवं, कारण ते दाखले जवळजवळ सगळेच त्यांच्या विरुद्ध साक्ष देतात.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२७ मध्ये गणिताचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर राहिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. आकड्यांशी खेळणारा मास्तर म्हणून काही प्राध्यापकांनी त्यांना मोजलंच नाही, हे खरं आहे. पण त्यांनी मांडलं काय? चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि मग ते हलत नाही. दुष्काळाचं १९७२ हेच साल घेतलं तर ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ असं फिरत बरोबर सातव्या खेपेला ६१७४ हाती येतं. मानवतच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पाचवीच्या मुलीला हे पाटीवर तपासता येईल. तिला कापरेकरांवर विश्वास ठेवावा लागत नाही, त्यांच्या साधनेचा आदर करावा लागत नाही, त्यांचं पूर्ण भाषण ऐकावं लागत नाही.

कापरेकरांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत सांगितला. म्हणजे परिषदेचं दार त्यांना बंद नव्हतं. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीचा मास्तर जगभर पोचला. गार्डनर हा तर भोंदू विज्ञानाचा हाडवैरी. १९५० च्या दशकात त्याने छद्मविज्ञानावर आख्खं पुस्तक लिहिलं होतं. हौशी माणसाविषयी त्याला आकस असता तर कापरेकर त्याच्या सदरात आलेच नसते.

रामानुजनची गोष्ट याहून वेगळी नाही. १९१३ मध्ये केंब्रिजला आलेल्या त्याच्या पत्रात जगाच्या रचनेविषयी प्रवचन नव्हतं, सूत्रं होती. हार्डी आणि लिटलवूड संध्याकाळी कागद घेऊन बसले आणि रात्र संपायच्या आत त्यांना माणसाची उंची कळली. त्याआधी दोन प्राध्यापकांनी दाद दिली नाही, हा त्यांचा दोष आहेच. पण तो दोष न वाचण्याचा, न तपासण्याचा आहे. व्यासपीठ नाकारल्याचा नाही.

दादाजी खोब्रागड्यांचं प्रकरण मात्र विज्ञानसंस्थांनी मान खाली घालून ऐकावं असं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. १९८३ मध्ये आपल्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षं निवड केली. त्यातून बारीक, चवदार आणि भरघोस उतरणारं वाण तयार झालं. तेव्हा एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, तेच नाव तांदळाला चिकटलं. १९९४ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्रातल्या शास्त्रज्ञाने प्रयोगासाठी त्यांच्याकडून पाच किलो बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' बाजारात आणलं. दादाजींना श्रेय मिळालं ते उशिरा आणि बाहेरून, २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानकडून. ३ जून २०१८ ला ते गेले, तेव्हा त्यांच्या बियाण्यावर कितीतरी शेतकऱ्यांचे संसार उभे होते आणि त्यांची स्वतःची ओढाताण संपलेली नव्हती.

आता या कहाणीत 'सिद्धांताला जागा' कुठे आहे? दादाजींनी अनुवंशशास्त्र खोटं ठरवलं नव्हतं. मेंडेलला उलटवणारा शोधनिबंध वाचायला वेळ द्या अशी त्यांची मागणी नव्हती. त्यांच्या हातात पोतंभर धान होतं, आणि ते कुणाच्याही बांधीत लावून पाहता येत होतं. विद्यापीठाने ते पाहिलं आणि त्यात दम आहे हे ओळखलंही. अन्याय झाला तो श्रेय आणि मोबदला देताना. या अन्यायाचं उत्तर वाणांच्या नोंदणीत आणि शेतकऱ्याच्या हक्कांत आहे. विमानविद्येच्या चर्चासत्रात ते सापडायचं नाही.

विमानविद्येचा उल्लेख उगाच आलेला नाही. 'ऐकून घेण्यात काय जातं' याचं उत्तर मुंबईने २०१५ मध्ये पाहिलं आहे. त्या वर्षी ३ ते ७ जानेवारीला मुंबई विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेसचं १०२ वं अधिवेशन भरलं. त्यात संस्कृतातून प्राचीन विज्ञान मांडणारं एक सत्र होतं आणि त्या सत्रात कॅप्टन आनंद बोडस यांनी वैदिक काळातल्या विमानांवर निबंध वाचला. ती विमानं एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जात, हवेत मागेही सरकत, असा दावा होता. आधार होता 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ग्रंथाचा. सत्र रद्द व्हावं म्हणून 'नासा'तले शास्त्रज्ञ रामप्रसाद गांधीरामन यांनी सह्यांची मोहीम चालवली. आयोजकांनी सत्र होऊ दिलं. मन मोठं केलं, असंच म्हणायचं.

यातली खरी खंत वेगळीच आहे. हा ग्रंथ विज्ञानाने कधी उघडूनही पाहिला नाही, असं अनेकांना वाटतं. वस्तुस्थिती नेमकी उलट. १९७४ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी (मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू) तो ग्रंथ शांतपणे वाचला, त्याची भाषा आणि वृत्तं तपासली, त्याचा उगम शोधला, आकृत्यांवर वायुगतिकीचे नियम लावले. निष्कर्ष असा की ग्रंथ विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतला, पंडित सुब्बराय शास्त्री यांनी सांगितलेला. आकृत्या १९२३ च्या सुमाराच्या, अभियांत्रिकी माहीत असलेल्या आरेखकाने काढलेल्या. आणि शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर यांतलं एकही विमान उडू शकत नाही. मराठी वाचकाला जवळचे वाटणारे मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांचंही नाव त्या अभ्यासात येतं: शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रतिकृती करून पाहिल्या, पण उडाली एकही नाही.

म्हणजे हौशी सिद्धांताला जागा मिळाली होती, आणि ती उत्तम प्रतीची होती. पाच तज्ज्ञांनी आपला वेळ दिला, नीट वाचलं, कारणांसह उत्तर लिहिलं. याहून मोठा मान कुठल्या ग्रंथाला द्यायचा? ४१ वर्षांनी मुंबईत जे मिळालं ते यापेक्षा स्वस्त होतं: एक माईक, एक तास आणि अधिवेशनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाव. पुढे २०१९ च्या जालंधर अधिवेशनात एका कुलगुरूंनी कौरव टेस्ट ट्यूबमधून जन्मल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या एका वक्त्याने न्यूटन-आइन्स्टाइन दोघांनाही चूक ठरवून गुरुत्वीय लहरींचं नवं बारसं पंतप्रधानांच्या नावाने करून टाकलं. गदारोळ झाल्यावर संघटनेने भाषणांचे गोषवारे आधी तपासायचं ठरवलं. १९१४ पासून चालत आलेल्या संस्थेला हे शंभर वर्षांनी सुचावं, हा विनोद कुणी मुद्दाम रचला नसता.

इथे मोठ्या मनाचे वकील म्हणतील: पण विज्ञानसंस्था चुकतातच की! हो, आणि त्याचा सगळ्यात चांगला दाखला ते सहसा देत नाहीत म्हणून इथेच द्यावा. अठराव्या शतकात आकाशातून दगड पडतात असं खेडूत सांगत आणि शहाणे लोक हसत. पॅरिसच्या अकादमीतही हीच हवा होती. १८०३ च्या एप्रिलमध्ये नॉर्मंडीतल्या लेग्ल गावाजवळ दगडांचा पाऊस पडला. सरकारने ज्याँ-बाप्तिस्त बिओ या तरुण शास्त्रज्ञाला तिकडे धाडलं. तो गावोगाव फिरला, एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांच्या जबान्या घेतल्या, दगड गोळा केले, ते कुठे कुठे पडले याचा नकाशा मांडला आणि त्या भागातल्या कुठल्याच खाणीत तसा दगड नाही हे दाखवलं. त्यानंतर शंका घेणारे गप्प झाले. खेडूत बरोबर होते आणि अकादमी चूक होती. पण खेडुतांना न्याय मिळाला तो बिओच्या पायपिटीमुळे. अकादमीने त्यांना भाषणाला बोलावलं असतं तर तिने आणखी एकदा हसून घेतलं असतं, इतकंच.

तीच पॅरिस अकादमी १७७५ मध्ये ठराव करून मोकळी झाली होती की वर्तुळाचा चौरस करणारे आणि अखंड चालणारी यंत्रं काढणारे यांचे कागद यापुढे तपासले जाणार नाहीत. हाही उद्धटपणाच वाटू शकतो. पण असे कागद ढिगाने येत होते, तपासणाऱ्यांचे दिवस मोजके होते, आणि या नादात घरदार धुळीला मिळवणाऱ्यांना खोटी आशा देत राहणं दयाळूपणाचं नव्हतं. वर्तुळाच्या बाबतीत ठराव बरोबर होता, हे लिंडेमनने १८८२ मध्ये सिद्धच केलं.

महाराष्ट्राने तपासणीचा एक नमुना स्वतःही घालून दिला आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, अशा २०० जन्मवेळांच्या कुंडल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४०. कोणती कुंडली कोणत्या गटातली एवढंच ओळखायचं. २८ बरोबर आल्या तर दखल घ्यायची, असं आधीच जाहीर केलेलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सर्वांत वरचा आकडा २४ होता. एका संस्थेने सगळ्याच २०० कुंडल्या पाहिल्या, तिच्या १०२ बरोबर आल्या. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच. हा निबंध २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. ज्योतिषांना सभेत हसण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सभ्य होता, आणि ज्योतिष परिषदेला पाहुणे म्हणून जाण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

पाणाड्यांचीही अशी चाचणी झालेली आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी जर्मन सरकारच्या पैशाने म्युनिकजवळच्या एका कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाडीवर ठेवून दहा मीटरच्या रेषेत इकडेतिकडे हलवला गेला आणि वरच्या मजल्यावर पाणाड्याने जागा सांगायची. मोठ्या संख्येतून निवडलेले ४३ जण, ८४३ खेपा. प्रयोग करणाऱ्यांनी काहींना अद्भुत शक्ती असल्याचं जाहीर केलं. पुढे जिम एनराइटने तेच आकडे पुन्हा मांडले. त्यांतला सर्वोत्तम पाणाड्या, डोळे मिटून दरवेळी रेषेच्या मधोमध बोट ठेवणाऱ्या माणसापेक्षा सरासरीने चार मिलिमीटर जवळ होता. दहा मीटरमध्ये चार मिलिमीटर. मानवतच्या शिवारात एवढ्या फरकाने बोअर हलवली तर गाडीवाल्याला कळणारही नाही.

मग बेचकी वाकते ती खोटी का? वाकते, आणि पाणाड्या बहुधा लबाडी करत नसतो. मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत हलतात, हे विल्यम कार्पेंटरने १८५२ मध्येच नाव देऊन सांगितलं. आणि पाणीही अनेकदा लागतं, कारण दख्खनच्या बेसाल्टमध्ये वरचा मुरूम, मांजऱ्या दगड, दोन थरांमधली फट आणि उभ्या भेगा यांत ते साठतं; अनेक ठिकाणी थोडंफार मिळण्याची शक्यता असतेच. शिवाय चाळीस वर्षं याच तालुक्यात हिंडलेल्या माणसाला ओढ्याची वाट, जुन्या विहिरींची रांग आणि हिरवं राहणारं झाड दिसतं. हे ज्ञान आहे, ते नारळात नसून त्याच्या डोळ्यांत आहे, आणि नारळाचा मंत्र पुढे आल्याने ते मागे पडतं. वराहमिहिराचा दाखला देणाऱ्यांनी 'बृहत्संहिते'तला दकार्गल अध्याय उघडून बघावा. तिथे नारळ नाही आणि बेचकीही नाही. जांभळीच्या पूर्वेला जवळ वारूळ असेल तर तिच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी, अशी विधानं आहेत: झाड, वारूळ, दिशा, खोली. चूक की बरोबर, खणून ठरवता येतं. तिरुपतीच्या श्रीवेंकटेश्वर विद्यापीठातल्या ई. ए. व्ही. प्रसाद यांनी १९८० मध्ये या अध्यायाचा भूजलशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला. परंपरेला जागा देण्याची ही रीत आहे.

दुसऱ्या बाजूचीही एक चूक इथेच सांगायला हवी. मानवत म्हटलं की बाकीच्या महाराष्ट्राला १९७२ ते ७४ चं हत्याकांड आठवतं. गुप्तधन आणि नरबळीच्या आरोपांनी गाजलेलं ते प्रकरण अलीकडे वेबमालिकेने पुन्हा घरोघर नेलं. काही विवेकवादी वक्ते त्या रक्तपातापासून थेट पाणाड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढतात. ही रेघ आळशी आहे. एक फौजदारी गुन्हा, दुसरा न तपासलेला दावा. पाणाड्याला मांत्रिकाच्या रांगेत बसवलं की तो ऐकेनासा होतो, आणि त्याला बोलावणारा शेतकरीही.

शेतकरी त्याला बोलावतो याचं कारण साधं आहे: पाणाड्या बोलावल्या दिवशी येतो. भूजलतज्ज्ञाचा अहवाल हवा तर अर्ज, पाठपुरावा आणि वाट पाहणं. तोवर गाडी दुसऱ्या गावाला गेलेली. २००९ च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रांत ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मज्जाव केला, पण पाणी कुठे बघायचं हे सांगणारा माणूस कायद्याने बांधावर पाठवला नाही. ही जागा विज्ञानाने मोकळी सोडली आहे. ती भरण्याऐवजी पाणाड्याला वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देऊन चर्चासत्रात बसवणं म्हणजे आपली गैरहजेरी सौजन्यात गुंडाळणं. आणि त्या शालीचा खर्च विद्यापीठ करत नाही. 'कृषी विद्यापीठात मार्गदर्शन' ही ओळ पाणाड्याच्या कार्डावर छापली जाते, आणि पुढच्या कोरड्या बोअरचे पैसे कापूस विकून कुणीतरी भरतो.

करता येण्यासारखं काम कमी खर्चाचं आहे. मानवतच्या एखाद्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने दोन उन्हाळे एक वही ठेवावी. गाडी लागण्यापूर्वी पाणाड्याने जागा, खोली आणि किती इंच पाणी ते सांगावं आणि सही करावी. बोअर झाल्यावर खरे आकडे त्याच ओळीत भरावेत. पाणाड्याला न विचारता घेतलेल्या आणि भूजलतज्ज्ञाने सुचवलेल्या बोअरही त्याच वहीत हव्यात, नाहीतर तुलना कशाशी करणार? कोरड्या गेलेल्या एकाही बोअरची नोंद गाळायची नाही, कारण आजवर सगळी कीर्ती ओल्या बोअरच्या हिशेबावर उभी आहे. वही परभणीला पाठवावी आणि आकडे पाणाड्याच्या बाजूने निघाले, तर त्याचा निबंध छापायला विद्यापीठाने एक महिनाही लावू नये.